चालकाची जागा सोडतानाचे अर्धे मिनिट: म्हापशातील एका चोरीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेले आहे. ती गोव्यात डिचोली तालुक्यात राहते, हायस्कुलात शिकवते आणि गेली अकरा वर्षे स्वतः गाडी चालवते. तिच्या संमतीनेच हे लिहीत असून तिची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. नुकसानीच्या दृष्टीने पाहिले तर प्रकरण लहान आहे, कारण खांद्याला लावायच्या एका पिशवीपलीकडे काहीही गेले नाही आणि कोणालाही साधा ओरखडा उमटला नाही. तरीही मला ते सविस्तर मांडावेसे वाटते. गाडीच्या सुरक्षेविषयी आपण बोलतो तेव्हा एकतर ती चालवताना घ्यायच्या काळजीबद्दल बोलतो किंवा उभी करून गेल्यानंतरच्या काळजीबद्दल बोलतो. ही चोरी मात्र या दोहोंच्या मधल्या फटीत झाली. गाडी चालत नव्हती आणि रीतसर उभीही केलेली नव्हती.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा तो शेवटचा शुक्रवार होता. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एरवीही बार्देश, पेडणे आणि डिचोली भागांतील लोकांनी भरलेला असतो; त्यात माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामान आले की पाय ठेवायला जागा उरत नाही. बहीण आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन साडेपाचच्या सुमारास पोहोचली. बाजाराजवळ जागा मिळाली नाही, म्हणून एका आतल्या रस्त्यावर, कुंपणाच्या भिंतीला डावी बाजू लावून तिने गाडी ठेवली. आंबाडे, चिबूड, तोरिंगे, सुपारीचे घड आणि असोल्या नारळांची पेंड असे सामान घेऊन दोघी परतल्या तेव्हा सात वाजत आले होते, पावसाची भुरभुर सुरू होती आणि त्या रस्त्यावरचा एकच दिवा लागलेला होता, तोही गाडीपासून बराच पुढे.

सामान डिकीत गेले. पिशवी मात्र नेहमीप्रमाणे चालकाच्या शेजारच्या सीटवर ठेवली गेली आणि मुलगी मागे डाव्या बाजूला बसली. आतून काचांवर वाफ धरली होती, म्हणून बहिणीने इंजिन सुरू करून एसी लावला, वायपर चालू केले आणि रस्त्यावर शिरायला जागा मिळण्याची वाट पाहत ती थांबली. तेवढ्यात छत्री घेतलेल्या एका माणसाने उजव्या काचेवर बोटांनी टकटक केली आणि मागच्या बाजूला हात दाखवत तो म्हणाला, "बाय, फाटल्या चाकांत वारें ना." म्हणजे मागच्या चाकात हवा नाही. आवाजात घाई नव्हती. आपल्याकडे अनोळखी माणूसही गाडीचे दार अर्धवट लागल्याचे, दिवा चालू राहिल्याचे थांबवून सांगतो. त्यात वावगे असे काहीच नव्हते. तिने आभार मानले, हँडब्रेक ओढला, दार उघडले आणि ती मागच्या उजव्या चाकाशी गेली. चाक ठीक दिसत होते. तिने ते पायाने दाबून पाहिले, पुन्हा वाकून पाहिले. मान वर केली तेव्हा तो माणूस पुढच्या वळणापर्यंत गेलेला होता.

ती परत सीटवर बसली तेव्हा मुलीने विचारले, "आई, ते काका आपली पिशवी कुठे घेऊन गेले?"

मुलीने सगळे पाहिले होते. भिंतीच्या बाजूने दुसरा एक माणूस आला, त्याने पुढचे डावे दार उघडले, पिशवी उचलली आणि दार हलकेच लावले. तो इतका शांत होता की आईच्याच सांगण्यावरून तो पिशवी घेत असावा असे तिला वाटले. त्याने आपल्याकडे पाहून मान हलवली, हेही तिने सांगितले. या एका वाक्याने बहीण जेवढी हादरली तेवढी पिशवी गेल्याने हादरली नाही, कारण इंजिन चालू होते, किल्ली जागेवर होती आणि मागे मूल बसलेले होते. त्या माणसाने पिशवीऐवजी स्टिअरिंगला हात घातला असता तर, हा प्रश्न मनात आल्यानंतर मला या प्रकरणाकडे केवळ पिशवीची चोरी म्हणून पाहता आलेले नाही.

दार कसे उघडले

बहिणीच्या मते सर्व दारे बंद होती. गाडी चालू लागली की काही वेळाने दारे आपोआप लॉक होतात, तो खटका तिच्या ओळखीचा आहे, आणि मागच्या दारांना चाइल्ड लॉकही लावलेले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही त्या वेळी उपयोगाच्या नव्हत्या. आपोआप लॉक होणारी दारे बहुतेक गाड्यांत ठरावीक वेग गाठल्यावरच लॉक होतात. गाडी जागची हलली नव्हती, त्यामुळे तो खटका झालाच नव्हता. दारे आधीच लॉक झालेली असती तरी तिच्या गाडीत चालकाने आतली कडी ओढून आपले दार उघडले की सेंट्रल लॉकिंगमुळे चारही दारे एकदम मोकळी होतात. चाइल्ड लॉकचा गैरसमज तर अनेक पालकांचा असतो. ते फक्त आतली कडी निकामी करते. दार मोकळे असेल तर बाहेरून ते कोणालाही उघडता येते. मूल बाहेर पडू नये म्हणून ते लॉक असते, बाहेरच्याला आत येण्यापासून रोखण्यासाठी नव्हे. इमोबिलायझरचे, म्हणजे योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचेही तसेच आहे: किल्ली गाडीत असेल तोपर्यंत तो कोणालाही अडवत नाही.

चवथ झाल्यावर आम्ही तिच्या अंगणात हा प्रसंग पुन्हा करून पाहिला. इंजिन चालू ठेवले, ती मागच्या चाकाशी वाकली आणि मी डाव्या बाजूने येऊन दार उघडले, सीटवरची पिशवी उचलली आणि दार लावले. दिराच्या हातातल्या घड्याळात ५ सेकंद झाले. त्या दिवशी पाऊस होता आणि रस्त्यावर वाहतूक होती. आमच्या अंगणात तर शांतता होती, तरीही इंजिन आणि एसीच्या आवाजात दाराचा आवाज तिच्या कानापर्यंत पोहोचला नाही. वाकलेल्या स्थितीत गाडीच्या पलीकडची बाजू तिला दिसणे शक्यच नव्हते. ज्या माणसाने उजवे मागचे चाक दाखवले त्याने ते विचार करून निवडले होते, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२६ फार थोड्या चालकांना माहीत असते. सार्वजनिक ठिकाणी वाहन थांबवताना एकतर परवानाधारक व्यक्ती चालकाच्या सीटवर असली पाहिजे, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, असे त्याचे सार आहे. हा नियम गाडी आपोआप सरकून अपघात होऊ नये म्हणून आहे, पण चोरीच्या बाबतीतही तोच पाळला असता तर निदान मुलीसह गाडी जाण्याची शक्यता बरीच कमी झाली असती. सीट सोडायची म्हणजे इंजिन बंद आणि किल्ली मुठीत, मग अंतर दोन पावलांचे असो वा दोनशेचे.

"असे करणारे बाहेरचेच असणार" असे त्या रात्री चार जणांनी तिला ऐकवले. बहिणीचे म्हणणे स्पष्ट आहे की तो माणूस आपल्याच बोलीत, आपल्याच हेलात बोलला. तो कोण होता हे आजही कोणाला ठाऊक नाही, आणि अशा अंदाजांनी आपले लक्ष भलत्या माणसांवर खिळते, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

पिशवीत काय होते

रोख रक्कम दीड हजारांच्या आसपास होती आणि तिच्याबद्दल कोणालाच फार वाईट वाटले नाही. उरलेली यादी मात्र अधिक बोलकी आहे: मोबाइल, दोन बँकांची कार्डे, वाहन परवाना, गाडीचे मूळ नोंदणीपत्र आणि घराच्या चाव्या. नोंदणीपत्रावर घराचा संपूर्ण पत्ता असतो. म्हणजे दाराची चावी आणि ते दार कुठे आहे याचा कागद, दोन्ही एकाच पिशवीत एकाच माणसाच्या हाती पडले होते, आणि त्या घरात त्या वेळी तिच्या वयस्कर सासूबाई एकट्या होत्या. नवरा जहाजावर नोकरीला असल्याने वर्षातले बरेच महिने घरी नसतो.

मोबाइल गेल्यामुळे ही धोक्याची सूचना घरी पोहोचवायची कशी, हा पहिला प्रश्न पडला. कोपऱ्यावरच्या फुलवालीने आपला फोन पुढे केला, तेव्हा बहिणीच्या लक्षात आले की तिला नवऱ्याचा, दिराचा किंवा घरातला कोणाचाच नंबर पाठ नाही. वर्षानुवर्षे अर्जांवर लिहून पाठ झालेला शाळेच्या कार्यालयाचा नंबर तेवढा आठवला. चवथीच्या सुटीआधीची कामे चालू असल्याने शिपाई सुदैवाने अजून तिथे होता; त्याने दिराला कळवले. दीर दहा मिनिटांत घरी पोहोचला, सासूबाईंसोबत थांबला आणि साडेनऊच्या आत त्याने पुढच्या व मागच्या दाराची कुलपे बदलून घेतली. या प्रकरणात सर्वांत योग्य क्रमाने झालेली गोष्ट हीच, आणि ती एका शिपायाच्या उशिरापर्यंत थांबण्यावर अवलंबून होती. आता बहिणीने दिराचा आणि माझा नंबर पाठ केला आहे, मुलीकडूनही पाठ करून घेतला आहे.

बँकेला कळवण्यात मात्र दीड तास गेला. मोबाइलला पासवर्ड आहे, एवढ्यावर ती निर्धास्त होती. पासवर्ड फोनला असतो, सिमला नव्हे. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की ओटीपी तिथे येऊ लागतात, जोपर्यंत सिमलाच वेगळा पिन लावलेला नसेल. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांनुसार ग्राहकाने कळवल्यानंतर होणाऱ्या अनधिकृत व्यवहारांचा तोटा बँकेने सोसायचा असतो, म्हणजेच कळवण्यापूर्वीचा प्रत्येक मिनिट ग्राहकाच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून माझ्या मते क्रम असा असावा: आधी घर, मग बँक आणि सिम, मग पोलीस ठाणे. खात्यातून पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. फोन बंद पाडण्यासाठी केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तक्रारीची प्रत आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. तिचा क्रमांक मोबाइलच्या जुन्या खोक्यावर सापडला.

मूळ नोंदणीपत्र गाडीत बाळगण्याची गरजच नव्हती. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली कागदपत्रे मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानावीत, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१८ मध्येच राज्यांना कळवले आहे. विम्याची जुनी फाइल, लाइट बिल, मुलांची शाळेची डायरी असे पत्ता असलेले किती कागद आपल्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असतात, ते प्रत्येकाने एकदा काढून पाहावे.

तक्रार देताना एक चूक थोडक्यात टळली. फोनवर एका नातेवाइकाने सल्ला दिला होता की "हरवली" म्हणून सांग, दाखला लगेच मिळतो. तिने तसे केले नाही. हरवल्याचा दाखला नव्या परवान्यासाठी चालतो, पण त्यातून गुन्ह्याचा तपास सुरू होत नाही, आणि पुढे त्या कागदपत्रांचा कोणी गैरवापर केला तर आपल्या हातात पुरावा उरत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. म्हणजे म्हापशातली चोरी ती डिचोलीतही नोंदवू शकली असती. जागेवरच नोंदवली हे उत्तम झाले, कारण फुलवालीने आणि शेजारच्या दुकानदाराने काय पाहिले ते ताजेपणी सांगता आले.

परतीचा रस्ता

साडेआठला दोघी घराकडे निघाल्या. थिवी सोडल्यावर आपल्या मागे एका मोटारसायकलचा दिवा सतत असल्याचे तिला जाणवले. तिने वेग कमी केला, दिवाही मंदावला. अस्नोड्याच्या दिशेने रस्त्यावर काळोख होता, हाताशी फोन नव्हता, आणि चाव्या व पत्ता कोणाकडे आहेत हे ठाऊक होते. त्या क्षणी तिने जे केले ते मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत समंजस पाऊल वाटते: ती घरी गेली नाही. वाटेत लागलेल्या पेट्रोल पंपावर तिने गाडी वळवली, दिव्याखाली, कामगारांच्या अगदी जवळ उभी केली, दारे लॉक ठेवून काच दोन बोटे खाली केली आणि एका कामगाराला दिराचा नंबर देऊन फोन करायला सांगितला. हा नंबर तिने पोलीस ठाण्यातून शाळेच्या शिपायाला पुन्हा फोन करून विचारला होता आणि एका चिठ्ठीवर लिहून घेतला होता. मोटारसायकल पंपावरून सरळ निघून गेली.

तो माणूस बहुधा आपल्या घरी जाणारा कोणी कामकरी असावा. त्यामुळे पंपावर थांबणे अनाठायी ठरत नाही. मागे कोणी आहे अशी शंका आली की आपले घर त्याला दाखवायचे नाही, वस्तीच्या आणि उजेडाच्या ठिकाणी जायचे, गाडीतून उतरायचे नाही आणि फोन असेल तर ११२ लावायचा. शंका चुकीची निघाली तर दहा मिनिटे जातात. दीर आला आणि त्याने पुढे राहून तिला घरापर्यंत नेले.

घरापाशी आल्यावर तिला जे जाणवले ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितले, आणि त्यामुळेच मी हे प्रकरण लिहायला घेतले. तिच्या घराला लोखंडी गेट आहे. रोज संध्याकाळी ती गेटसमोर थांबते, इंजिन चालू ठेवते, उतरते, दोन्ही पाखे उघडते, परत बसते. मुलगी मागे असते. पिशवी सीटवर असते. म्हापशात घडलेले अर्धे मिनिट ती अकरा वर्षे रोज आपल्याच दारात घडवत होती. गोव्यातल्या बहुतेक स्वतंत्र घरांत हेच चित्र दिसते. माझ्या घरीही तसेच होते.

बदललेल्या सवयी

आता ती निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारते आणि चारही चाके पाहते. याचा मोठा फायदा असा की चाकात हवा नाही असे नंतर कोणी सांगितले तर ते खरे की खोटे हे तिला आधीच माहीत असते. तरीही शंका राहिली तर ती बंद काचेआडूनच हात वर करून आभार मानते आणि हळूहळू गाडी पुढच्या दुकानापर्यंत किंवा पंपापर्यंत नेते. हवा खरोखरच नसली तर शे-दोनशे मीटरांत फार तर टायर खराब होईल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल, आणि बहुतेक वेळा तो असतोच, तर त्यालाही वाईट वाटायचे कारण नाही. ही माणुसकी आपल्याकडून नाहीशी व्हावी असे मला मुळीच वाटत नाही. फक्त तिला उत्तर देण्यासाठी दार उघडावे लागत नाही.

गाडीत बसल्यावर पहिले काम दारे हाताने लॉक करण्याचे असते, सीटबेल्ट आणि एसी त्यानंतर. पिशवी डिकीत जाते, पण तीही मुक्कामी पोहोचण्यापूर्वी, वाटेतच कुठेतरी थांबून. गाडी लावल्यावर सर्वांसमोर डिकीत सामान ठेवणे म्हणजे ते कुठे आहे हे पाहणाऱ्याला दाखवून देणे. रिमोट दाबल्यावर ती कडी ओढून खात्री करते, कारण रिमोटच्या लहरी अडवणारी उपकरणे असतात आणि दिवा न लुकलुकताच आपण पुढे गेलो तर गाडी उघडीच राहते. फोन अंगावर, घराच्या चाव्या वेगळ्या खिशात. गेटपाशी ती इंजिन बंद करून, किल्ली हातात घेऊन उतरते, किंवा सासूबाईंना आधी फोन करून गेट उघडून ठेवायला सांगते. गाडी लावताना दुकानाच्या दिव्याखाली जागा मिळाली तर थोडे जास्त चालावे लागले तरी तीच निवडते.

चवथीनंतर तिसऱ्या आठवड्यात एका शेतकऱ्याला बांधाच्या कडेला तिची पिशवी सापडली आणि त्याने ती पोलिसांकडे दिली. नोंदणीपत्र आणि परवाना भिजून एकमेकांना चिकटलेले होते, कार्डे होती, मुलीच्या शाळेची पावती होती. रोख रक्कम आणि मोबाइल अर्थातच नव्हते. घराच्या चाव्याही नव्हत्या.